लेथवरचा आकडा

वसंत व्याख्यानमालेत लेथ यंत्राचे काय काम, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ह्या प्रथेचा पाया घातला, तेव्हापासून इतिहास, वाङ्मय, अर्थकारण, धर्मचर्चा हे विषय अशा व्यासपीठांवर मानाने मांडले गेले. कारखान्यातील विषय त्या मानाने कमी आले. पण आपल्या घरी पाणी चढविणाऱ्या पंपाचा दांडा, स्कूटरच्या चाकातला बुश, पिठाच्या गिरणीचा शाफ्ट ह्या वस्तू कधी ना कधी लेथवर फिरलेल्या असतात. त्या नेमक्या मापाच्या उतरल्या तर त्यांची आपल्याला आठवणही होत नाही. माप चुकले तर मात्र पंप कुरकुरू लागतो, बेअरिंग वरचेवर बदलावे लागते आणि खर्च आपल्या खिशातून जातो. तेव्हा हा विषय अगदीच परका नाही.

आज आम्ही ज्या उपकरणाविषयी सांगणार आहोत, त्याला कारखान्यात सगळे ‘डीआरओ’ म्हणतात. शुद्ध मराठीत ‘अंकदर्शक’ म्हणता येईल. पण ज्या नावाने ते दुकानात मागतात त्याच नावाने येथे बोललेले बरे. लेथच्या सरकत्या भागाने किती अंतर कापले हे ते ठळक आकड्यांत दाखविते. लहान कारखान्यांतून जुन्या लेथवर ते बसविलेले आता सर्रास दिसते. मालक आम्हाला विचारतात, ‘पैसे वसूल होतील का?’ कामगार विचारतात, ‘हे आले म्हणजे आमची किंमत कमी होणार का?’ दोघांनाही उत्तर द्यायचे तर आधी हे उपकरण काय करते आणि काय करीत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

हँडल आणि खरे अंतर

लेथवर जॉब चकमध्ये धरून फिरविला जातो आणि त्याच्यावर टूल टेकवून धातू काढला जातो. टूल दोन मुख्य दिशांनी सरकते. संपूर्ण कॅरेज बेडवरून डावी-उजवीकडे जाते, त्यामुळे लांबी ठरते. त्याच्यावरची क्रॉस स्लाइड जॉबकडे पुढे-मागे जाते, त्यामुळे व्यास ठरतो. क्रॉस स्लाइडवर आणखी एक लहान कंपाउंड स्लाइड असते. ती हव्या त्या कोनात फिरविता येते.

क्रॉस स्लाइड स्क्रूने सरकते. हँडलपाशी एक डायल असते, तिच्यावर रेघा असतात. स्क्रूची एक फेरी चार मिलिमीटर आणि डायलवर ऐंशी रेघा असतील, तर एक रेघ म्हणजे ०.०५ मिलिमीटर. येथे पहिली मेख आहे. टूल ०.०५ पुढे गेले की जॉबच्या दोन्ही बाजूंनी तेवढा धातू निघतो, म्हणजे व्यास ०.१० ने कमी होतो. काही लेथच्या डायलवर रेघा व्यासाच्या हिशोबाने असतात, काहींवर स्लाइडच्या चालीच्या हिशोबाने. नव्या यंत्रावर गेलेला टर्नर पहिल्यांदा हेच विचारून घेतो.

दुसरी मेख म्हणजे बॅकलॅश. घरातला जुना नळ आठवा. मूठ थोडी नुसतीच फिरते आणि मग नळ बंद व्हायला लागतो. लेथचा स्क्रू आणि नट वर्षानुवर्षे घासले की तेच होते. दिशा बदलून हँडल फिरविले की डायल चार रेघा पुढे जाते, स्लाइड मात्र जागची हलत नाही. जुना टर्नर हे ओळखून असतो. तो टूल आधी पुरेसे मागे घेतो आणि मग एकाच दिशेने पुढे आणतो. हे त्याच्या हाताला माहीत असते. पण मनात रेघा मोजत, फेऱ्या लक्षात ठेवत, मध्येच कोणी हाक मारली तरी न विसरता दिवसभर हे करायचे म्हणजे डोक्याला शीण होतो. चाळिशी उलटली की डायलच्या बारीक रेघा वाचण्यासाठी मान वाकवावी लागते, चष्मा वरखाली करावा लागतो, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तेलकट डायलवरची एक रेघ इकडची तिकडे वाचली जाते.

डीआरओ नेमका येथे कामाला येतो. तो स्क्रूकडे पाहतच नाही. स्लाइडला लावलेल्या स्वतंत्र पट्टीवरून ती खरोखर किती सरकली ते मोजतो. स्क्रू झिजला असला, पोकळ फिरला, तरी आकडा स्लाइडचाच असतो.

पट्टीच्या आत काय असते?

डीआरओचे तीन भाग. एक पट्टी, तिच्यावरून सरकणारे वाचक-डोके आणि आकडे दाखविणारी पेटी. पट्टी दोन प्रकारची मिळते, काचेची आणि चुंबकीय.

काचेच्या पट्टीवर अतिशय बारीक रेघा असतात. नेहमीच्या पट्टीत एक काळी रेघ आणि एक मोकळी जागा मिळून वीस मायक्रॉन होतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ह्याचा अर्थ एका मिलिमीटरात अशा पन्नास रेघा. वाचक-डोक्यात तशाच रेघांचा एक लहान तुकडा असतो, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे घटक. दोन मच्छरदाण्यांचे कापड एकावर एक धरून थोडे सरकवले की मोठे काळे-पांढरे पट्टे झपाट्याने सरकताना दिसतात. तोच हा प्रकार. रेघ डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक, पण तिच्या सरकण्याने होणारी उजेड-अंधाराची लाट यंत्राला सहज मोजता येते. ह्या लाटेचे चार भाग केले की पाच मायक्रॉनचे पाऊल मिळते. विद्युत्-मंडलाने आणखी बारीक भाग केले की एक मायक्रॉनचे. दोन लाटा एकमेकींपासून पाव अंतराने सरकवून वाचल्या की कोणती पुढे आहे त्यावरून दिशाही कळते.

हा विचार आजचा नाही. अशा रेघांच्या जाळ्या एकमेकींवर ठेवून त्यांतील दोष ओळखता येतील, हे लॉर्ड रॅले ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७४ साली सुचविले होते. यंत्रांवरील मापनासाठी त्याचा प्रत्यक्ष उपयोग १९५० नंतरच्या दशकात झाला. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथे फेरांटी कंपनीने त्यावर काम केले, आणि जर्मनीत हायडेनहाइन कंपनीने काचेवरील रेघांच्या मोजपट्ट्या यंत्रांसाठी तयार केल्या. तेव्हा मोठ्या कारखान्यांनाच परवडणारी ही वस्तू आज एका लेथच्या मालकालाही घेता येते.

चुंबकीय पट्टीत रेघांऐवजी उत्तर-दक्षिण ध्रुवांची एकाआड एक रांग असते आणि डोके तिच्यावरून थोडे अंतर राखून जाते. तत्त्व तेच, मोजायची लाट तेवढी वेगळी.

आकडा काय सांगत नाही?

आता मुख्य मुद्दा. डीआरओ स्लाइड कोठे आहे ते सांगतो. जॉब केवढा झाला हे सांगत नाही. ह्या दोन गोष्टींत जे अंतर उरते, ते टर्नरचे कसब भरून काढते.

टूलचे टोक झिजले तर आकडा तोच राहतो आणि व्यास वाढतो. लांब, बारीक शाफ्ट टूलच्या जोराने वाकतो. आकडा बरोबर असूनही मधला भाग जाड राहतो. टेलस्टॉक रेषेत नसेल तर जॉब निमुळता उतरतो आणि डीआरओ त्याविषयी मौन पाळतो. बेडच चकजवळ घासून खोल झालेला असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

उष्णतेचे उदाहरण आकड्यांनी पाहू. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर बेअरिंग बसवायचे आहे आणि नकाशात माप ५०.००२ ते ५०.०१८ असे दिले आहे. म्हणजे सूट सोळा मायक्रॉनची. पोलाद एक अंश सेल्सियसला दर मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन फुगते. कट घेताना शाफ्ट तीस अंशांनी तापला तर पन्नास मिलिमीटरचा व्यास सुमारे सतरा मायक्रॉनांनी वाढलेला असतो. सगळी सूट तेथेच संपली. गरम असताना माप बरोबर दिसले म्हणून काढून ठेवलेला जॉब सकाळी लहान भरतो. पेटीवरच्या आकड्याला ह्याची खबर नसते. ‘थोडा निवू दे’ हे टर्नरलाच म्हणावे लागते.

बॅकलॅशचेही तसेच. डीआरओ तो मोजणीतून काढून टाकतो, यंत्रातून नाही. नट ढिला असेल तर कटाच्या ओढीने स्लाइड स्वतःच पुढे खेचली जाऊ शकते. म्हणून टूल एकाच दिशेने आणण्याची जुनी सवय सोडायची नाही आणि गिब ढिल्या ठेवायच्या नाहीत. ज्या लेथची स्लाइड हाताने हलते, त्याच्यावर आधी फिटरचे काम करावे, मग डीआरओ घ्यावा.

निवड कशी करावी?

दुकानदार आधी पेटीची बटणे दाखवितो. आम्ही उलट क्रम सुचवितो. आधी यंत्र, मग पट्टी, शेवटी पेटी.

क्रॉस स्लाइडला एक मायक्रॉनची पट्टी घ्यावी. ह्याचे कारण वर आलेच आहे. पाच मायक्रॉनची पट्टी घेतली तर व्यासावर तिचे एक पाऊल दहा मायक्रॉनचे होते. सोळा मायक्रॉनच्या सुटीत एखाद-दुसरे पाऊलच मावणार. कॅरेजच्या लांबीला मात्र पाच मायक्रॉन बहुतेक कामांत पुरेसे आहे. तेथे जादा पैसे घालण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट विसरू नये. एक मायक्रॉन दाखविणारी पट्टी एक मायक्रॉनपर्यंत खरी असतेच असे नाही. किती बारीक दाखविते आणि किती अचूक आहे हे दोन वेगळे आकडे आहेत. कागदावर दोन्ही मागून घ्यावेत.

काच की चुंबक? काचेची पट्टी साधारणपणे स्वस्त, पण तिचे घर जाड असते आणि आत तेल-कीस गेला तर ती आंधळी होते. चुंबकीय पट्टी बारीक असते, जागा कमी असेल तेथे बसते, तेल-पाणी जास्त सहन करते. मात्र लोखंडाचा कीस तिला चिकटतो, म्हणून तिलाही आच्छादन लागतेच. कॅरेजच्या मागे भरपूर जागा असते, तेथे काच चालते. क्रॉस स्लाइडच्या अरुंद बाजूला पुष्कळदा चुंबकीय किंवा बारीक घराची काच सोयीची पडते.

लांबी ठरविताना स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्यक्ष चालवून मोजावी. मोजणीची लांबी चालीपेक्षा दोन्ही बाजूंना थोडी जास्त हवी. शिवाय पट्टीच्या घराची एकूण लांबी मोजणीच्या लांबीपेक्षा बरीच जास्त असते, बनावटीप्रमाणे सव्वाशे-दीडशे मिलिमीटरांपर्यंतही. ही गोष्ट आधी पाहिली नाही तर पट्टी घरी आल्यावर बेडबाहेर डोकावते.

दोन अक्ष की तीन, हाही प्रश्न येतो. कंपाउंड स्लाइड हलविली तर कॅरेजच्या पट्टीला ते कळत नाही. म्हणून दोन अक्षांचा डीआरओ असेल तर कंपाउंड घट्ट करून ठेवावी आणि लांबी कॅरेजनेच साधावी. ज्यांना कंपाउंड सारखी वापरावी लागते त्यांनी तिसरी पट्टी आणि दोन्ही चालींची बेरीज करणारी पेटी घ्यावी. मात्र कंपाउंड बेडला समांतर असेल तरच साधी बेरीज खरी.

पेटीत चार गोष्टी पाहाव्यात. व्यास-त्रिज्या बदलण्याची सोय, हवा तो आकडा भरण्याची सोय, निरनिराळ्या टूलांची मापे लक्षात ठेवण्याची सोय, आणि दोन हात अंतरावरून वाचता येतील असे ठळक आकडे. ह्यांपैकी शेवटची गोष्ट पन्नाशीच्या टर्नरला विचारून ठरवावी.

बसविताना

डीआरओ खराब निघाला अशा तक्रारींत पुष्कळदा दोष बसविण्यात असतो. पट्टी समांतर हवी असे सगळे सांगतात, पण कारण क्वचित सांगतात. हजार मिलिमीटरात पट्टी एक मिलिमीटर तिरकी असली तर मापात पडणारा फरक केवळ अर्धा मायक्रॉन असतो. खरी हानी निराळी होते. तिरक्या पट्टीवर डोके एका टोकाला दाबले जाते आणि दुसऱ्या टोकाला दूर जाते. मग ते घासते, अडते किंवा मोजणी सोडते. म्हणून चुंबकी स्टँडवर डायल गेज लावून कॅरेज पूर्ण लांबीत चालवावी आणि वरून व बाजूने, दोन्हीकडे फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आणावा. उत्पादकाने ह्याहून कडक मर्यादा सांगितली असेल तर तीच पाळावी.

कॅरेजची पट्टी बेडच्या मागे बसते. तेथे बिडाचा पृष्ठभाग खडबडीत आणि रंग लावलेला असतो. थेट स्क्रू आवळले तर पट्टी वाकते. मध्ये जाड पाठपट्टी घ्यावी आणि लहान स्क्रूंनी तिची पातळी जुळवावी. टेपर टर्निंगची जोडणी मागे असेल तर तिच्या आड काही येत नाही ना, ते पाहावे.

क्रॉस स्लाइडची पट्टी चकच्या बाजूला लावावी की टेलस्टॉकच्या, ह्यावर टर्नरांत वाद होतात आणि दोन्ही पक्षांत तथ्य आहे. चककडे कीस आणि कूलंट उडते. टेलस्टॉककडे पट्टी सुरक्षित राहते, पण टेलस्टॉक जवळ आणताना आड येते आणि कॅरेजचा लॉक झाकला जाऊ शकतो. आखूड जॉब सेंटरवर धरण्याचे काम किती, ते पाहून निर्णय करावा. टेलस्टॉककडे लावलीच तर लॉकचा बोल्ट गाठता येईल अशी सोय आधी करावी.

भोक पाडण्यापूर्वी आत तेलाची वाट किंवा स्क्रू नाही ह्याची खात्री करावी, ड्रिलला खोलीची खूण करावी, आणि स्लाइडचे मार्ग कापडाने झाकावेत. बिडाची भुकटी त्यांना घासते. डोके धरणारे ब्रॅकेट जाड असावे. पत्र्याचे ब्रॅकेट स्लाइडची दिशा बदलताच लवते आणि नवाच बॅकलॅश जन्माला येतो. पट्टीची रबरी ओठांची बाजू कीस उडतो त्या दिशेला नसावी. प्रवासासाठी लावलेले प्लॅस्टिकचे तुकडे ब्रॅकेट आवळून झाल्यावर काढावेत आणि सांगितलेले अंतर तपासावे. मग स्लाइड हाताने, सावकाश, दोन्ही टोकांपर्यंत न्यावी. डोके पट्टीच्या टोकावर आदळण्यापूर्वी स्लाइड थांबली पाहिजे.

वायरला सैल वळण द्यावे, ती चकपासून आणि मोटरच्या वायरींपासून दूर न्यावी, अर्थिंग नीट करावे. आणि हवेच्या गनने पट्टी कधी साफ करू नये. हवेच्या जोराने कीस ओठांतून आत जातो.

शेवटी तपासणी. एकाच दिशेने एकाच बिंदूवर दहा वेळा यावे. डायल गेज आणि डीआरओ प्रत्येक वेळी जुळले पाहिजेत. पन्नास किंवा शंभर मिलिमीटरच्या स्लिप गेजशी अंतर ताडून पाहावे. मग एका तुकड्यावर हलका कट घ्यावा, यंत्र थांबवून तो मायक्रोमीटरने मोजावा आणि तोच आकडा पेटीत भरावा. येथून पुढे डीआरओ व्यास बोलू लागतो. पण तो व्यास त्याला माणसाने शिकविलेला असतो, आणि शेवटच्या कटाआधी मायक्रोमीटर पुन्हा लावावाच लागतो. वीज जाऊन आली तर आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मधल्या वेळात स्लाइड हलली असेल तर बहुतेक पेट्यांना ते कळत नाही. पट्टीवरची संदर्भखूण गाठून किंवा पुन्हा मोजून खात्री करावी.

फायदा कोणाचा?

मालकाचे पैसे वसूल होतात का? ज्याच्याकडे पायऱ्या-पायऱ्यांचे शाफ्ट, निरनिराळ्या मापांचे एकेक नग असे काम आहे, त्याचे होतात. कारण तेथे यंत्र थांबवून मोजण्यात फार वेळ जातो. एकच नग हजारोंनी काढणाऱ्याला त्याचा उपयोग कमी; त्याचे काम सीएनसी यंत्राकडे जाते.

कामगाराची किंमत कमी होते का? आमचे उत्तर असे आहे की ते उपकरणावर अवलंबून नाही, करारावर अवलंबून आहे. आम्ही दोन्ही प्रकार पाहिले आहेत. एका कारखान्यात डीआरओ बसल्याबरोबर नगाचा दर खाली आला, आणि माप चुकले की ‘आता तर आकडा समोर दिसतो’ असे म्हणून पगारातून कपात होऊ लागली. टेलस्टॉक सरकला होता, पण ते पाहण्याच्या भरीस कोणी पडले नाही. वेतनाच्या कायद्यात नुकसानीची कपात करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि नुकसान त्याच्या हयगयीने झालेले असावे लागते. टूलची झीज आणि यंत्राची झीज ही टर्नरची हयगय नव्हे. दुसऱ्या ठिकाणी दर ठरविण्याआधी टर्नरांना बसवून बोलणी झाली, वाचलेल्या वेळाचा काही वाटा दरात राहिला आणि यंत्राची तपासणी ठराविक मुदतीने करण्याचे मालकाने मान्य केले. तेथे सर्वांत जुना टर्नर, जो डायल वाचता येईना म्हणून काम सोडण्याच्या गोष्टी बोलत होता, तो लेथवर टिकला. त्याच्या हाताखाली नवी पोरे तयार झाली. तीस वर्षांचे कसब केवळ बारीक रेघा दिसत नाहीत म्हणून घरी बसते, तेव्हा नुकसान त्या घराचे होते तसे कारखान्याचेही होते.

म्हणून आमच्या मंडळींना आम्ही सांगतो की डीआरओला विरोध करू नका, तो मागा. मागताना तीन गोष्टी लिहून घ्या. निवड करताना यंत्रावर काम करणाऱ्याला विचारले जाईल, दर बदलायचा तर आधी बोलणी होतील, आणि नग चुकला तर माणसाआधी टूल, टेलस्टॉक व गिब तपासल्या जातील. आयटीआयमधून येणाऱ्या मुलांनाही आमचे सांगणे आहे. डीआरओवर हात बसण्यापूर्वी एक वर्ष डायल आणि मायक्रोमीटरवर काढा. आकडा खोटा केव्हा बोलतो हे ज्याला कळते, त्याच्याच हातात तो उपयोगी पडतो.